मदत हवी आहे: फॅन फिल्म अर्ध्यावर अडकली आहे (लांबी, हिरव्या कडा आणि निघालेला कॅप्टन)

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या विश्वात घडणारी फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, करतोय. पैसे कुणाला मिळणार नाहीत, मिळवायचेही नाहीत. निम्म्याहून जास्त चित्रीकरण झालंय आणि आता गाडी तीन-चार ठिकाणी एकदमच रुतली आहे. व्हीएफएक्स (दृश्य करामती), साउंड, संकलन यांतल्या जाणकारांनी जरा वाट दाखवावी.

सगळ्यात मोठा घोळ लांबीचा. मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी जून २०१६ मध्ये फॅन फिल्मसाठी नियमावली काढली. एक स्वतंत्र गोष्ट असेल तर कमाल १५ मिनिटं, नाहीतर फार तर दोन भाग आणि दोन्ही मिळून ३० मिनिटं. पुढचे सीझन, सीक्वेल वगैरे काही नाही. शीर्षकात मूळ नाव घालायचं नाही, पण चाहत्यांची निर्मिती असल्याचं ठरावीक उपशीर्षक द्यायचं. काम करणाऱ्या कुणालाही मोबदला नाही. वर्गणीची मर्यादा ५०,००० डॉलर, तिच्या जवळपासही आम्ही फिरकणार नाही, त्यामुळे ते कलम सोडून द्या. आमची पटकथा ४० पानांची आहे. पानाला एक मिनिट हा नेहमीचा ठोकताळा लावला तरी दहा मिनिटं जास्तच होतात.

यावर आमच्यात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, कात्री लावा आणि दोन भाग करा. दुसरा म्हणतो, गणवेश बदला, बोधचिन्ह बदला, परग्रहवासीयांची नावं बदला आणि आपलं स्वतःचं विश्व म्हणून मोकळे व्हा. मला दुसरं पटत नाहीये. आमच्या कॅप्टनची सगळी घालमेल 'प्राइम डायरेक्टिव्ह'वर, म्हणजे मागासलेल्या संस्कृतीच्या वाटचालीत ढवळाढवळ करायची नाही या दंडकावर उभी आहे. चाहत्याला तो दंडक पाठ असतो, त्यामुळे कॅप्टन नुसता गप्प बसला तरी प्रसंग चढतो. आपलं विश्व केलं की आधी तो नियम समजावत बसा, मग तो मोडण्याची भीती रुजवा. फॅन फिल्म करण्यात खरी चैन असते ती हीच, आणि ती सोडवत नाही.

दुसरी अडचण हिरव्या पडद्याची, म्हणजे मागे हिरवं कापड लावून त्या जागी नंतर दुसरं दृश्य बसवतात त्याची. खोली लहान, त्यामुळे कलाकार कापडाला जवळजवळ चिकटूनच उभे आहेत. चंदेरी खांद्यांवर हिरवट झाक आलीये, केसांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. आणि हेल्मेट! काचेत समोरच्या बाजूला लावलेलं हिरवं कापड दिसतंय. 'की' काढली, म्हणजे सॉफ्टवेअरने हिरवा रंग गाळून टाकला, की काचेचा तेवढा भागही उडतो आणि आमच्या शास्त्रज्ञबाईंच्या कपाळातून तेजोमेघ दिसायला लागतो. सगळं चित्रीकरण फोनवर केलंय.

तिसरी अडचण म्हणजे कॅप्टन झालेला मित्र लवकरच दूर जातोय, परतायचा भरवसा नाही. त्याचे बरेच प्रसंग बाकी आहेत. चौथी, फोमचं चिलखत हललं की चरचरतं आणि ते माइकमध्ये येतं.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

हिरव्या पडद्याबद्दल बोलतो, बाकीच्यात माझी गती नाही.

झाक येते ती कापडावरून परतणाऱ्या उजेडाची. कलाकार कापडापासून निदान दोन मीटर पुढे हवा, कापडाला वेगळा आणि सगळीकडे सारखा उजेड हवा, माणसाला वेगळा. जागाच नसेल तर अंगभर दिसणारे शॉट सोडा, छातीपर्यंतच्या फ्रेमला छोटं कापड पुरतं आणि ते मागे सरकवता येतं. कॅमेऱ्याच्या बाजूचं हिरवं कापड आधी काढा, तिथे त्याचं कामच नाही. पायऱ्यांचं कारण निराळं आहे. बहुतेक फोन ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे उजेडाची माहिती पूर्ण आणि रंगाची फक्त चौथाई. 'की' रंगावरच काढली जाते, मग कड तुटणारच. पुढचं चित्रीकरण तरी ४के या मोठ्या आकारात करा आणि फिल्म १०८० या लहान आकारात द्या, कडा बऱ्याच सुधारतील.

झालेल्या शॉटना एकच 'की' लावू नका. आतल्या भागाला एक कडक 'की', कडांना दुसरी मऊ 'की', वरून डिस्पिल, म्हणजे उरलेली हिरवी झाक काढणं. 'दा विंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतल्या फ्यूजन या विभागात हे सगळं होतं. काचेला मात्र रोटोशिवाय, म्हणजे फ्रेममागून फ्रेम हाताने कड आखण्याशिवाय, इलाज नाही. २४ फ्रेमने दहा सेकंदांचा शॉट म्हणजे २४० फ्रेम, तेव्हा रोटोला बसण्याआधी तो शॉट गोष्टीला खरंच लागतो का ते ठरवा. नव्या शॉटमध्ये हेल्मेटची काच काढूनच टाका आणि प्रतिबिंब नंतर चढवा. मोठ्या चित्रपटांतही ही युक्ती वापरतात. शिवाय धाप लागून काचेवर वाफ धरते तो त्रासही वाचतो.

अवांतर: प्रत्येक खिडकीत तारे हवेतच का? ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक फ्रेम तयार व्हायला चार मिनिटं लागली तरी पाच सेकंदांच्या शॉटच्या १२० फ्रेमना आठ तास जातात. जहाजात बिनखिडक्यांच्या खोल्याही असतील की. काळा पडदा, दोन एलईडी पट्ट्या, थोडा धूर, झालं.

प्रतिसाद २

नियमावलीचा आधीचा इतिहास माहीत असलेला बरा. 'अ‍ॅक्सनार' नावाच्या फॅन फिल्मसाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी दावा ठोकला. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी 'फेअर यूज'चा (परवानगीशिवाय केलेल्या रास्त वापराचा) बचाव लागू होत नाही असं म्हटलं आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. नियमावली आली ती हा दावा चालू असताना. तिच्यात 'हे पाळलंत तर आम्ही हरकत घेणार नाही' एवढंच आश्वासन आहे. तुम्हाला त्यातून कुठला हक्क मिळत नाही. तेव्हा '४० मिनिटांनी काय बिघडतंय' म्हणू नका. गणवेश बाजारातून घेतले असतील तर तेही अधिकृतच हवेत असं त्यात आहे. घरी शिवलेत तर प्रश्न नाही.

मात्र तुमच्या दंडकाच्या मुद्द्यावर मी सहमत नाही. कॉपीराइट मांडणीवर असतो, कल्पनेवर नाही. 'ढवळाढवळ करायची नाही' ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. तो नियम मोडल्याबद्दल पद गेलेला एखादा जुना अधिकारी जहाजावर दाखवा, कॅप्टन रोज त्याच्यासमोरून जातो असं करा. समजावत बसावं लागणार नाही. तरीही याच विश्वात राहायचं असेल तर सुरुवातीची पाच पानं कापून बघा. हौशी पटकथांत जहाजाची ओळखपरेडच फार असते.

प्रतिसाद ३

कॅप्टन जाण्याआधी प्रसंगांच्या क्रमाने शूट करू नका. आधी त्याचे सगळे क्लोजअप, एकाच बैठकीत, समोरच्याचे संवाद कुणीही वाचून दाखवा. त्याची पाठ आणि खांदा दिसतो ते शॉट नंतर त्याच्या अंगलटीच्या दुसऱ्या माणसाला गणवेश घालून होतील. केशरचनेचे फोटो काढून ठेवा, नाहीतर जुळवताना नाकी नऊ येतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला शांत खोलीत बसवून सगळे संवाद नुसत्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या आणि कॅप्टनच्या दैनंदिनीच्या भरपूर नोंदी वाचून घ्या, आता न लागणाऱ्याही. या विश्वात कॅप्टन दैनंदिनी बोलतोच, त्यामुळे हुकलेला प्रसंग दोन वाक्यांत बुजवता येतो आणि कुणाला ठिगळ वाटत नाही. लांबीही आटोक्यात येईल.

चिलखताच्या सांध्यांना आतून फेल्टचं मऊ कापड लावा. प्रत्येक जागेचा रिकामा (कुणी बोलत नसतानाचा) आवाज अर्धा मिनिट तरी टिपून ठेवा, डबिंगखाली तो अंथरला नाही तर आवाज कोरडा पडतो. संगीत मूळ मालिकेचं अजिबात नको.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. दैनंदिनीची युक्ती आजच गटात टाकली आणि कात्रीवाले व नाववाले दोघेही एकदम गप्प झाले. आधी कॅप्टनचे क्लोजअप उरकतो, मग पाच पानं कापून बघतो. पद गेलेला अधिकारी मात्र मी ढापणार आहे, विश्व कुठलंही ठेवलं तरी.

प्रतिसाद १ यांना एक शंका: काच काढलेल्या हेल्मेटवर नंतर प्रतिबिंब चढवायचं तर डोकं हलताना ते चिकटून राहायला ट्रॅकिंगच्या (सॉफ्टवेअरला हालचाल पकडायला लागणाऱ्या) खुणा हेल्मेटच्या कडेवर लावू का? आणि त्या नंतर पुसायला पुन्हा रोटोच करावं लागेल का?