मदत हवी आहे: लेवीय २५ आणि कपाशीचं रान

जय ख्रिस्त मंडळी. नवापूर तालुक्यात 'सृष्टीचे कारभारी' या विषयावर अभ्यासवर्ग ठरतोय. बायबलातल्या उत्पत्ती १:२८ मधली माणसाची सृष्टीवरची सत्ता, २:१५ मधली राखण, पर्यावरणाच्या संकटाचं मूळ ख्रिस्ती विचारात आहे ही इतिहासकार लिन व्हाइट यांची १९६७ ची टीका, एवढं बसलं. अडतंय लेवीय २५ मधल्या सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याच्या आज्ञेपाशी. दोन एकरवाल्याला वर्षभर कपाशी सोडा म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

म्हणून रानाचे सात तुकडे करून दरवर्षी एकाला विश्रांती, असं सुचवायचंय. तिथे पहिल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग, एकरी २०-२५ किलो बी. ४५ दिवसांच्या आसपास, फुलं धरताना गाडायचा. उशीर झाला की खोड चिवट होतं, कुजायला वेळ लागतो. पण लेवीय २५ पेरायलाच मना करतं, आणि निर्गम २३:११ प्रमाणे पडीक रानातलं गरिबांचं, उरलेलं जनावरांचं. ताग गाडला तर त्यांच्या वाट्याला काय? तसंच सोडून चराई खुली केली तर गाजरगवत माजतं, ओली काळी माती खुरांखाली दबते (पावसाळ्यात तर नकोच).

असं तुकड्यातुकड्याने कुणी केलंय का? तागानंतर हरभरा घेतला तर ती विश्रांती धरावी का? पाळक आणि कृषी सहायक, दोघांचंही मत हवंय.