जबाबदारी, उत्तरदायित्व आणि जाब

प्रश्न: ‘पाणीपुरवठ्याची जबाबदारी नगरपालिकेची आहे’ आणि ‘नगरपालिका लोकांना जबाबदार आहे’ या दोन वाक्यांत अर्थ एकच आहे का? दुसऱ्या ठिकाणी ‘उत्तरदायी’ म्हणावे का? काही जण ‘जबाबदेही’ लिहितात, ते मराठीत चालेल का?

उत्तर: अर्थ एक नाही, आणि हा फरक पुसट झाला की फायदा नेहमी खुर्चीत बसलेल्याचाच होतो. पहिल्या वाक्यात काम कोणाकडे आहे ते कळते. दुसऱ्यात, ते काम का झाले नाही हे कोणापुढे सांगायचे ते कळते. त्यात तिसराही अर्थ मिसळतो: ‘पूल पडला त्याला कंत्राटदार जबाबदार’, म्हणजे दोष त्याचा. विभक्तीमुळे घोळ आणखी वाढतो. ‘लोकसभेला जबाबदार’ आणि ‘अपघाताला जबाबदार’, दोन्हीकडे ‘ला’च. संविधानाच्या कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, ते उत्तर देण्याच्या अर्थाने: सभागृहाने विचारले की सांगायचे, आणि त्याचा विश्वास गमावला की पायउतार व्हायचे.

मुळात शब्दात उत्तर आहेच. ‘जबाब’ अरबीतून आला, त्याला फारसी ‘दार’ लागला. पण रोजच्या वापरात जबाबदारी आपण घेतो, पेलतो, झटकतो, एकमेकांवर ढकलतो. ‘देतो’ तेव्हाही काम सोपवणे एवढाच अर्थ होतो. उत्तर त्यातून गळून गेले. ते टिकवले ‘जाब’ने. जाब विचारतात आणि जाब द्यावा लागतो. विचारणारा आणि देणारा असल्याशिवाय हा शब्द चालतच नाही. ‘हिशेब मागणे’ही तितकेच नेमके. फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले १५ वे कलम हेच सांगते: प्रत्येक लोकसेवकाकडून त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याचा समाजाला हक्क आहे.

म्हणून माझे मत असे: लेखी, औपचारिक मजकुरात ‘उत्तरदायी’ जरूर वापरा, पण ‘कोणाला’ आणि ‘कशाबद्दल’ हे सोबत लिहा. ‘प्रशासनाचे उत्तरदायित्व वाढवले जाईल’ हे अर्धेच वाक्य झाले. ‘जबाबदेही’ हिंदीतून आलेला, समजतो, पण ‘जाब’ हाताशी असताना मला त्याची गरज वाटत नाही.

पुढचा प्रश्न: तक्रारीवर मला पत्र आले: ‘आपल्या अर्जावर उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’ याला उत्तर म्हणायचे का?

उत्तर: नाही. यात क्रियापद आहे, कर्ता नाही. कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत, यातले काहीच कळत नाही. ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आले आहे’ ही सगळी रचना माणसाला वाक्याबाहेर ठेवते. तेच पत्र असेही लिहिता आले असते: ‘आपला ४ मार्चचा अर्ज उपअभियंत्यांकडे दिला आहे. ते १५ मार्चपर्यंत जागेची पाहणी करून आपल्याला लेखी कळवतील.’ यात १६ मार्चला जाब कोणाला विचारायचा ते कळते. (जाता जाता: ‘कार्यवाही’ म्हणजे काम पुढे नेणे, ‘कारवाई’ म्हणजे दोषीवर उचललेले पाऊल. पत्रात कार्यवाही असेल तर कोणावर कारवाई होणार आहे असे धरून चालू नका.)

कायद्याने हा कर्ता शोधून ठेवला आहे, ते माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्ये पाहा. माहिती ३० दिवसांत द्यायची. विनाकारण उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तो कार्यालयाला नाही, त्या जन माहिती अधिकाऱ्याला. शिवाय माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराकडे मागता येत नाही, उलट प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे कलम ४ प्रमाणे कार्यालयाला भाग आहे. नागरिक आणि शासन यांच्यात कारण कोणी द्यायचे, याचा निवाडा यात स्पष्ट आहे.

आणखी एक: मग ‘लाभार्थी’ या शब्दाबद्दल काय?

उत्तर: ‘विद्यार्थी’सारखीच घडण: लाभाची इच्छा धरणारा. स्वेच्छेने दिलेल्या मदतीला तो शोभेल. कायद्याने मिळणाऱ्या गोष्टीला मात्र तो लावू नये, कारण तिथे देणाऱ्याचे औदार्य नसते, देणे असते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ‘पात्र व्यक्ती’ म्हणतो. साध्या लेखनात ‘हक्कदार’ चांगला. अर्जात शेवटी ‘विनंती’ लिहायला हरकत नाही, ते सौजन्य आहे. फक्त त्याखाली ‘कारणांसह लेखी उत्तर द्यावे’ ही ओळ घाला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.