गच्चीवरच्या मिरच्या: कोणाला फिक्या, कोणाला जाळ

३०२ काकू: अहो कोणीतरी खरं सांगा, काल मी बिल्डिंगमधे सगळ्यांना दिल्या त्या गच्चीवरच्या भावनगरी मिरच्या तिखट होत्या का? आमची भजी एकदम मिळमिळीत, वरून जिरावण मसाला भुरभुरला तेव्हा कुठे खाववली.

१०४ वहिनी: काकू, आमचे हे पहिल्याच घासाला ताडकन उठले. अर्धी बाटली गार पाणी प्यायले, उलट जास्तच झोंबलं. आणि दुसरी मिरची काकडीसारखी!!

२०१ दादा: पाण्याने काही होत नाही वहिनी, मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही. दूध नाहीतर दही द्यायचं.

१०४ वहिनी: हे आता सांगताय

४०१ काका: बिया काढल्या नसतील.

२०१ दादा: काका, तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो, बियांना नुसता लागतो. बिया काढताना आपण गाभा पण खरवडतो ना, म्हणून नाव बियांचं.

३०२ काकू: मी दोन्ही काढते बाबा. आता ऐका, चार कुंड्या आहेत, बी घरचंच, गेल्या वर्षी सगळ्यात छान मोठी मिरची होती ती पिकवून धरलेलं, आणि तेव्हा शेजारीच ज्वाला या तिखट मिरचीची कुंडी होती. यंदा दिवाळीत आम्ही आठ दिवस लेकीकडे बडोद्याला, वॉचमनला पाणी घालायला सांगून गेलो, तर टाकीमागच्या दोन कुंड्या त्याला दिसल्याच नाहीत म्हणे, पानं पार माना टाकून होती. आल्यावर पाणी घातलं, सावरली, आणि मग काय, चारही कुंड्यांच्या मिरच्या मी एकाच पिशवीत भरल्या.

२०१ दादा: सापडलं. पाण्याचा ताण पडला की मिरची तिखट होते, या टाकीमागच्या. दुसरं ते बी. गेल्या वर्षी मधमाशीने ज्वालाचा पराग आणला असेल तर त्या मिरचीची चव बदलत नाही, पण तिचं बी पेरलं की झाड निराळं निघतं. आकार आईसारखा, तिखटपणा बापासारखा, असंही होऊ शकतं.

१०४ वहिनी: म्हणजे काकूंच्या गच्चीवर लव्ह मॅरेज झालं 😂

३०२ काकू: पण एकाच झाडाची एक फिकी एक जहाल, हे पण झालंय.

२०१ दादा: होतंच. एक पावसात धरलेली, एक पाणी तुटल्यावर, एक कोवळी एक जून. स्पेनमधे पाद्रोन नावाची छोटी हिरवी मिरची तळून खातात, बहुतेक सौम्य, मधेच एखादी जाळ काढते, तिकडे म्हणच आहे, काही झोंबतात काही नाही.

४०१ काका: मग ओळखायची कशी? १९१२ मध्ये स्कोविल नावाच्या अमेरिकन फार्मासिस्टने अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत करत माणसांना चाखवून तिखट मोजलं होतं.

१०४ वहिनी: आमचे हे रिकामेच आहेत, पाठवू का?

२०१ दादा: चाखायची तर देठाकडचा तुकडा चाखा, टोकाचा नको. टोक फसवं असतं, गाभा देठाकडे जास्त.

३०२ काकू: आणि ते पोपट? रोज सकाळी येऊन लाल झालेल्या मिरच्या आरामात खातात, मी समजायचे फिक्या आहेत म्हणून खातात.

२०१ दादा: पक्ष्यांना झोंबतच नाही काकू. खातात आणि बी लांब नेऊन टाकतात, मिरचीला तेच हवंय. तुम्ही पण दोन-चार झाडावर लाल होऊ द्या, हिरवी असताना नुसतं तिखट लागतं, पिकल्यावर जरा गोडसर चव येते.

३०२ काकू: पोपटांनी ठेवल्या तर. बरं, टाकीमागच्या कुंड्यांना आजच लाल रिबन बांधते, त्यातली भजीला कोणालाच देणार नाही.

सेक्रेटरी: कृपया इकडे लक्ष द्या, उद्या टाकी धुणार आहे, सकाळी ८ ते ११ पाणी बंद.

४०१ काका: काकू, रिबनवाल्या माझ्याकडे पाठवा. ठेच्याला तिखटच पाहिजेत. आणि टाकी धुणाऱ्याला सांगा, मागे कुंड्या आहेत म्हणून.