व्हारेनचा फज्जा: मारी आंत्वानेतचा दोष किती?

दप्तरदार:
फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, २० जून १७९१च्या रात्री, राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत मुलांसह पॅरिसहून निसटले. दुसऱ्या रात्री अकराच्या सुमारास व्हारेन या छोट्या गावात अडकले. जायचं होतं सरहद्दीजवळच्या मोंमेदीला, ते पन्नास किलोमीटरच्या आत राहिलं होतं.
माझ्या मते हा डाव राणीच्या हट्टाने बुडाला. सरहद्दीवरच्या फौजेचे राजनिष्ठ सेनापती जनरल बुईये यांचं म्हणणं होतं, दोन हलक्या गाड्या घ्या. हिला सगळं कुटुंब एकत्र हवं. म्हणून एकच अवजड बर्लिन (चारचाकी, बंदिस्त घोडागाडी), सहा घोडे, आत सहा माणसं. त्यात मुलांची गव्हर्नेस मादाम द तुर्झेल हक्काने बसली आणि वाटेत निर्णय घेऊ शकेल अशा कसलेल्या अधिकाऱ्याला जागाच उरली नाही.

सांजवात:
गाडीला उगाच बदनाम करू नका. पॅरिस ते व्हारेन सुमारे अडीचशे किलोमीटर, एकवीस-बावीस तासांत. ताशी अकरा-बारा. डाकेचे घोडे बदलत जाणाऱ्या गाडीला त्या काळी हा वेग वाईट नाही.
उशीर झाला तो आधी राजवाड्यातून निघतानाच. मग वाटेतल्या शालों शहराच्या अलीकडे घोडे पडले, ओढायचे पट्टे तुटले, ते सांधण्यात वेळ गेला. पट्टे काय राणीने तोडले?

घोडेस्वार:
तुम्ही दोघंही खरी मेख सोडताय. व्हारेनला डाकचौकीच नव्हती, त्यामुळे ताजे घोडे आधीच आणून ठेवावे लागले. ठेवले कुठे, तर एर नदीच्या पुलापलीकडे, खालच्या वस्तीत. गाडी थांबली वरच्या वस्तीत. अंधारात घरोघर विचारपूस चालली, आणि गाडीवान म्हणे घोडे दमलेत, पुढे नेणार नाही. अर्धा तास गेला. तेवढ्यात सेंत-मनूचा डाकचौकीवाला द्रुए जंगलवाटेने येऊन शेजारून पुढे निघून गेला. त्याने राजाला आधीच ओळखलं होतं. सामानाने लादलेली एक गाडी पुलावर आडवी घातली की झालं काम.
घोडे पुलाच्या अलीकडे बांधले असते तर आज हा वादच नसता.

दप्तरदार:
घोड्यांचं मान्य. पण राजाच्या रक्षणासाठी वाटेत स्वारांच्या तुकड्या ठेवल्या होत्या; त्यातल्या पहिल्या ठिकाणी, पाँ-द-सोम-व्हेलला, सरदार शोआझल हुसार (हलक्या घोडदळाचे) स्वार घेऊन थांबला होता, त्याचं काय? गाडी दोन तासांहून जास्त लेट. स्वार पगाराच्या खजिन्यासाठी आलेत अशी बतावणी होती, पण गावकऱ्यांना वाटलं सारावसुलीला आलेत, आणि गर्दी तापली. शोआझल वैतागून निघून गेला आणि पुढच्या तुकड्यांना ‘आज खजिना येत नाही’ अशी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी नेणारा कोण? राणीचा केशभूषाकार लेओनार! त्याला शोआझलबरोबर पाठवलं होतं राणीनेच. पळून जाताना सोबत न्हावी!

सांजवात:
न्हाव्यावर हसायला मीही तयार आहे. पण चिठ्ठी लिहिली शोआझलने आणि मुख्य रस्ता सोडून आडरानात शिरला तोही शोआझलच. लेओनारच्या जागी कोणी सरदार असता तरी निरोप तोच पोचला असता.
आणि राजाचं नाव कुणीच का घेत नाही? बेत आखणारा, राणीचा स्वीडिश मित्र फर्सन पहिल्या टप्प्यात स्वतः लगाम धरून होता. त्याला पॅरिसजवळच्या बाँदीहून परत धाडलं राजाने. जाताना राजवाड्यात स्वहस्ताक्षरातलं लांबलचक जाहीरपत्रक ठेवलं तेही राजाने. त्यामुळे ‘राजाला पळवून नेलं’ ही राष्ट्रीय सभेची सारवासारव फार टिकली नाही.
व्हारेनला सोस नावाच्या किराणावाल्याच्या घरी सगळे कोंडलेले असताना शोआझल चाळीसेक स्वार घेऊन पोचला. म्हणाला, घोड्यांवर बसा, तलवारीने वाट काढतो. राजा म्हणाला, झटापटीत गोळी राणीला किंवा मुलांना लागली तर? आणि बुईयेंची वाट बघत बसला. बुईये फौज घेऊन आले तेव्हा गाडी पॅरिसच्या वाटेला लागली होती.