मदत हवी आहे: बाँग किती इंची घ्यावी? १८ इंची झेपत नाहीये (कॅनडा)

नमस्कार मंडळी, मी ओंटारियोत मिसिसागाला राहतो, वय ३६. आधीच सांगून ठेवतो, कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे आणि ओंटारियोत वयाची १९ पूर्ण असली की आयडी दाखवून दुकानातून घेता येतो. भारतातल्यांनी कृपया यातलं काही करून बघू नका, तिकडे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा आहे.

तर मी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी रात्री जॉइंट (गांजाची विडी) ओढायचो. घसा फार जळायचा म्हणून गेल्या महिन्यात बाँग घ्यायला गेलो, आपल्या गुडगुडीचंच तत्त्व, धूर पाण्यातून येतो. दुकानातला मुलगा म्हणाला नळी जितकी उंच तितका धूर थंड, मला पटलं आणि १८ इंची घेऊन आलो, खाली बीकरसारखा फुगीर तळ, काच ७ एमएम, मध्ये बर्फ अडकवायला खाचा.

पहिल्याच दिवशी वाट लागली. ओढायला सुरुवात केली, पाणी गुडगुडलं, नळीत धूर चढत चढत दुधासारखा घट्ट झाला, मी आपला ओढतोय ओढतोय, तो तोंडापर्यंत येईस्तोवर अर्धा दम संपला होता. मग बाऊल (गांजा भरायची वाटी) उचलला तर सगळा एकदम छातीत. पाच मिनिटं ठसका थांबेना, डोळ्यातून पाणी, आणि चढली ती इतकी की पायरीवर बसूनच राहिलो. आत उरलेला धूर परत ओढला तर त्याला शिळा कडू वास. नंतर दोनदा प्रयत्न केला, तेच.

दुसरी अडचण म्हणजे मी बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो, घरमालकांनी फक्त मागच्या अंगणात परवानगी दिलीय. ते भले माणूस आहेत, त्यांच्या शब्दाबाहेर मला जायचं नाही. थंडीत हातमोजे घालून ती एवढी जड काच धरायची, दुसऱ्या हाताने लायटर, आणि खाली बर्फाने निसरडी फरशी. परवा आत आणताना बाऊल निसटून फुटला. ऑनलाइन नवा मागवला तो १४ एमएमचा निघाला, माझ्या बाँगच्या भोकात नुसता लडबडतो.

म्हणून आता लहान घ्यायचीय. ८, १० की १२ इंच? जॉइंटचं, म्हणजे बाऊल बसतो त्या भोकाचं, माप १४ की १८ एमएम? आणि पर्कोलेटर (आतला धूर बारीक फटींतून पाण्यात सोडणारा भाग) हवाच का? जे स्वतः वापरतात त्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १
दादा, तुम्ही उंची बघताय, बघायला हवी आतली जागा. साधा श्वास साधारण अर्धा लिटरचा असतो. २ इंच रुंद सरळ नळी १० इंच उंच असेल तर आत अर्ध्या लिटरच्या आसपास जागा होते, पाणी घातलं की त्याहून कमी, म्हणजे एका साध्या श्वासात रिकामी. १८ इंची सरळ असती तरी पाऊण लिटरच्या वर गेली असती, तुमचा तर तळ फुगीर, त्यात अजून भर. घरी मोजून बघा, काठोकाठ पाणी भरा आणि मेजरिंग कपात ओता, मग रोज जेवढं पाणी ठेवता तेवढं वजा करा. उरतं ते तुम्हाला एका दमात आत घ्यावं लागतं. आठवड्यातून एकदा ओढणाऱ्याला ८ ते १० इंच भरपूर.

जॉइंटचं म्हणाल तर लहान बाँगला १४ एमएमच सहसा येतो. माप कळत नसेल तर दहा सेंटचं नाणं भोकावर ठेवा, ते १८.०३ एमएमचं असतं, आत गेलं तर १८, वरच बसलं तर १४. बाहेर थंडीत वापरणार असाल तर सरळ नळी नको, पटकन कलंडते, लहान का होईना बीकरच घ्या. पर्कोलेटर नको. ओढायला जड जातं आणि त्या बारीक फटीत साचलेला चिकटा निघता निघत नाही.

प्रतिसाद २
मी फार्मसीत काम करते म्हणून एवढं सांगते. पाण्याने धूर गार होतो, घशाला मऊ लागतो, पण टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जायचं ते जातंच. मऊ लागतो म्हणूनच माणूस जास्त ओढतो, तुमचं तेच झालंय. बाऊल लहान घ्या, चिमूटभर मावेल एवढाच, आणि दम रोखून धरू नका, टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) काही सेकंदात शोषलं जातं, पुढे नुसता धूर छातीत राहतो. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर बाँगचं माप बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा. त्या रात्री गाडी अजिबात नको.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. ताई, छातीत दुखत नाही, ठसका तेवढ्यापुरताच होता. आत्ता स्वयंपाकघरात मोजून बघितलं, काठापर्यंत १४५० मिली भरलं, मी पाणी ठेवत होतो ३०० मिली. म्हणजे साडेअकराशे मिली धूर एका दमात घ्यायला बघत होतो! नाणं आत गेलं, म्हणजे माझी १८च आहे. आता १० इंची बीकर बघून ठेवलीय, ५ एमएम काच, १४चा जॉइंट, त्यामुळे तो नवा बाऊल पण वाया जाणार नाही. एकच शंका राहिली, पाणी किती ठेवायचं आणि धुवायची कशी?

प्रतिसाद १
डाउनस्टेमचं (बाऊलखालून पाण्यात उतरणाऱ्या नळीचं) टोक पाण्यात दोन-तीन सेंटीमीटर बुडेल एवढंच. नुसतं ओढून बघा, पाणी तोंडात आलं तर थोडं कमी करा. डाउनस्टेम तळाला टेकायला नको, बोटभर अंतर ठेवा. पाणी प्रत्येक वेळी नवीन आणि झालं की लगेच ओतून टाका, रात्रभर ठेवू नका, त्यातूनच तो शिळा वास येतो. धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाडं मीठ घालून भोकं दाबून हलवायचं, मग गरम पाण्याने तीन-चारदा विसळायचं. पण बाहेरून गारठलेली काच आणली की लगेच गरम पाणी घालू नका हं, तडकते, आधी अर्धा तास घरात राहू द्या. आणि मे महिन्यात गावी जाणार असाल तर ती बॅगेत टाकू नका, धुतलेली असली तरी. माल तर नाहीच, कॅनडाच्या बाहेर न्यायला इथल्याच कायद्याने बंदी आहे.