रोगण, व्हार्निश की पॉलिश?

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, जवळ आला म्हणून माळ्यावरचा आजोबांचा लाकडी बैल काढला, रंग बरा आहे पण चमक पार गेली. बाबा म्हणे याले रोगण लाव. नागपूरच्या इतवारीत दुकानात रोगण मागितलं तर पोरगा नुसता पाहून राहिला, मग म्हणे, व्हार्निश का पॉलिश? आता हे तीन वेगळे का एकच? आणि रोगण मराठीच ना? रोगाशी काही नातं?

———

रोगाशी काही नाही बाप्पा. फारसीत रोगन म्हणजे तेल-तूप, हकिमाकडचं रोगन बदाम आठवा. आपल्याकडचे हिंदीवाले रंगरोगन म्हणतात तेही हेच. आता तेलाचं व्हार्निश कसं झालं, तर जवसाच्या तेलात राळ कढवून लाकडाले लावत, आणि जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, कडक पापुद्रा धरते. शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही, आमच्या घरी एकानं दारावर हा प्रयोग केला होता, नाव नाही सांगत, दार मात्र महिनाभर चिकट होतं. म्हणजे रोगण आणि व्हार्निश एकच समजा, एक जुनं नाव एक नवं.

———

पॉलिश वेगळं पण. सुताराचं पॉलिश म्हणजे चपडी, म्हणजे लाख, पळस-बोरीवरच्या किड्याची. रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायची, सकाळी कोऱ्या चहासारखा रंग येतो, मग मलमलीत कापूस बांधून हात मारत जायचं. आमचा मिस्त्री कोट कधीच म्हणत नाही, "ताई, अजून दोन हात लागन." स्पिरिट उडते, लाख राहते, म्हणून झटपट वाळते पण नाजूक. माझ्या टेबलावर पाहुण्यांनी गरम कप ठेवला आणि पांढरं कडं उठलं ते उठलंच. आणि अशा चकचकीत लेपाला इंग्रजीत लॅकर म्हणतात ना, तो शब्द आपल्याच लाक्षेवरून पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे युरोपात गेला हां.

———

वज्रलेप राहिला की! वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवळं-मूर्तींसाठी वज्रलेपाची कृती आहे, त्यात सर्जरस म्हणजे राळ आणि अतसी म्हणजे आपला जवस, दोन्ही आहेत. आजकाल मूर्तीला वज्रलेप म्हणतात तेव्हा बरेचदा इपॉक्सी नावाची कृत्रिम राळ असते, नाव तेवढं जुनं. झिलई मात्र यात घुसवू नका, ते चमकेचं नाव आहे, डब्यात मिळत नाही.

———

मग बैलाले काय लावू?

———

रोगणच. पोरं ओल्या हातानं धरतात, आणि पोळा ऐन पावसाळ्यात, दमट हवेत चपडी पांढुरते. आधी घासपेपर मार, धूळ पूस, पातळ हात मार, एक रात्र जाऊ दे, मग दुसरा.

———

आणला छोटा डबा. डब्यावर व्हार्निश, बिलावर पॉलिश लिहिलंय. शेपटीवर एक हात मारून पाहिला, बाबा म्हणे, पाह्य, रोगण कसं चमकून राहिलं.