भर उन्हात व्हिडिओ : स्वस्तातला व्हेरिएबल एनडी (उजेड कमी करणारा, फिरवून गडद-फिकट होणारा लेन्स फिल्टर) कोणता?

तापीकाठ, भुसावळ : रावेरच्या केळीबागांत व्हिडिओ काढायचेत. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. लेन्स १८-५५ (फिल्टरचं माप ५८ मिमी) आणि ५० मिमी एफ १.८ (माप ४९ मिमी). किती स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) फिल्टर घेऊ?

कपाशी : भाऊ, आधी हिशेब करा. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ (लेन्सचं बारीक छिद्र) वर शटर १/१०० लागतं. एफ ४ ला, म्हणजे मोठ्या छिद्राला, तेच १/१६००. तिथून १/५० वर यायला पाच स्टॉप. म्हणजे २ ते ५ स्टॉपचा, एनडी४ ते एनडी३२ (उजेडाचा चौथा ते बत्तिसावा हिस्सा) लिहिलेला पुरतो. एनडी२ ते ४०० च्या मोहात अजिबात पडू नका. आत दोन पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या काचा) एकमेकांवर फिरतात. फार गडद केलं की १८ मिमीला चित्रावर काळी फुली उमटते. म्हणून फिरण्याच्या दोन्ही टोकांना अडणारी रिंग हवीच.

धुळेकर : एकच ६७ मिमीचा घ्या, सोबत ५८-६७ आणि ४९-६७ स्टेप-अप रिंगा (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या). दुकानातच पांढऱ्या भिंतीवर रोखून सावकाश फिरवा, डाग किंवा पट्टा दिसला तर परत द्या. स्वस्त काचेची पिवळट झाक येते, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी सेटिंग) फिल्टर चढवल्यावरच पांढऱ्या कागदावर सेट करा. काळ्या मातीची धूळ रिंगेत गेली की करकरते; कापडाआधी ब्लोअर मारा.

तापीकाठ : आणि एफ १.८ ला?

कपाशी : सव्वासात स्टॉप लागतील, ते याच्या आवाक्याबाहेर. तिथे साधा फिक्स्ड (एकाच गडदपणाचा) एनडी१२८ बरा. शिवाय व्हेरिएबल फिरवताना केळीच्या पानांवरची चमक कमीजास्त होते, तेव्हा शॉट चालू असताना रिंगेला हात लावू नका.